जॉर्ज वॉशिंग्टन यांचे दात आणि बाबांचं इम्प्लांट

गेले सहा महिने आमच्या रत्नागिरीच्या घरात एकच विषय चालू होता, बाबांच्या दाढा. खालच्या उजव्या बाजूच्या दोन दाढा तीन वर्षांपूर्वी काढाव्या लागल्या. मग काढता-घालता येणारी छोटी कवळी करून घेतली. ती तोंडात कमी आणि पाण्याच्या वाटीतच जास्त असायची. बाबा डाव्या बाजूनेच चावायचे. भाकरी आमटीत बुडवून खायचे. भाजलेले काजू तर बंदच झाले. लग्नाच्या पंगतीत शेजारच्यांचं अर्धं जेवण होईपर्यंत यांचा पहिला घास संपत नसे, म्हणून हळूहळू पंगतीला बसणंच त्यांनी टाळलं.

शेवटी इम्प्लांट करायचं ठरलं. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर, काम घरूनच करतो, त्यामुळे त्यांना क्लिनिकला घेऊन जाणं माझ्याकडे आलं. बाहेर बसल्या बसल्या मी दातांबद्दल वाचायला लागलो आणि एका माणसाच्या गोष्टीत अडकलो. तो माणूस तुम्ही पाहिलेला आहे. एक डॉलरच्या नोटेवर ओठ घट्ट मिटून बसलेत ते जॉर्ज वॉशिंग्टन. अमेरिकेचे पहिले राष्ट्राध्यक्ष. त्यांचं आयुष्य दातांच्या बाजूने पाहिलं, तर इम्प्लांट नेमका कोणता प्रश्न सोडवतं ते फार स्वच्छ कळतं. म्हणून हा लेख.

चोविसाव्या वर्षी पहिला दात

वॉशिंग्टन यांचा जन्म २२ फेब्रुवारी १७३२ चा, व्हर्जिनियातला. तेव्हा ती ब्रिटिश वसाहत होती. अकरा वर्षांचे असताना वडील गेले. सतराव्या वर्षी ते जमीन मोजणीचं काम करू लागले. एकोणिसाव्या वर्षी सावत्रभावासोबत बार्बाडोसला गेले असताना त्यांना देवी आल्या, त्यातून वाचले. पुढे सैन्यात शिरले आणि विशी उलटून थोडी वर्षं होतात तोवर व्हर्जिनियाच्या पलटणीचे प्रमुख झाले.

त्याच काळात, १७५६ साली, चोविसाव्या वर्षी त्यांनी पहिला दात काढून घेतला. त्याचे पाच शिलिंग डॉक्टरला दिल्याची नोंद त्यांच्या हिशेबात आहे. वॉशिंग्टन हिशेबाला पक्के होते, खिळ्यापासून घोड्यापर्यंत सगळं लिहून ठेवायचे. त्यामुळेच त्यांच्या दातांचा इतिहास आपल्याला आज जवळजवळ ओळीने वाचता येतो. दातदुखी, सुजलेल्या हिरड्या, लंडनहून मागवलेले ब्रश आणि दंतमंजनं, दात काढल्याचे पैसे, हे सगळं त्यात पुन्हा पुन्हा येतं.

म्हणजे हा माणूस दातांची हेळसांड करणारा नव्हता. ब्रश करत होता, पैसे खर्च करत होता, तरी दात जात राहिले. त्या काळी बऱ्याच आजारांवर पाऱ्याचं औषध देत आणि त्यानेही दात खिळखिळे होत. वॉशिंग्टन यांच्या बाबतीत तेही एक कारण असावं असं काही अभ्यासक मानतात. मुख्य अडचण अशी की किडलेला दात वाचवायची विद्याच तेव्हा फारशी नव्हती. आजच्यासारखं रूट कॅनल नाही, एक्स-रे नाही, भूल नाही. दुखतोय, तर उपटा.

शत्रूच्या हाती लागलेलं पत्र

१७७५ साली ते वसाहतींच्या फौजेचे सरसेनापती झाले. पुढची आठ वर्षं लढाईत गेली, आणि त्या सगळ्या काळात तोंडातलं युद्धही चालूच होतं. तोपर्यंत त्यांच्याकडे उरलेल्या दातांना तारेने बांधलेले काही कृत्रिम दात होते.

मे १७८१ मध्ये त्यांनी फिलाडेल्फियाच्या आपल्या दंतवैद्याला एक पत्र लिहिलं. दात साफ करायची हत्यारं छावणीवर पाठवा, कारण इतक्यात फिलाडेल्फियाला येणं होईलसं दिसत नाही, असा मजकूर. हे पत्र ब्रिटिशांनी वाटेत पकडलं. वरकरणी क्षुल्लक, पण त्यातून शत्रूला एक अंदाज मिळाला की वॉशिंग्टन न्यूयॉर्कजवळच ठाण मांडणार. प्रत्यक्षात ऑगस्टमध्ये फौज दक्षिणेकडे निघाली, फिलाडेल्फियावरूनच गेली, आणि १९ ऑक्टोबर १७८१ रोजी यॉर्कटाउनला ब्रिटिश सेनापती कॉर्नवॉलिस यांनी शरणागती पत्करली. हेच कॉर्नवॉलिस पुढे हिंदुस्थानात गव्हर्नर जनरल म्हणून आले आणि टिपू सुलतानाशी लढले. दातांच्या पत्राने लढाई जिंकली असं म्हणणं जास्तीचं होईल. पण ब्रिटिशांची दिशाभूल व्हायला त्याचाही हातभार लागला असावा, असं काही इतिहासकारांना वाटतं.

नऊ दात, १२२ शिलिंग

आता या गोष्टीतला सगळ्यात अवघड भाग. मी हे वाचलं तेव्हा मोबाइल खाली ठेवला होता.

मे १७८४ मध्ये वॉशिंग्टन यांच्या माउंट व्हर्नन इस्टेटीच्या हिशेबवहीत एक नोंद आहे. काळ्या माणसांना नऊ दातांचे १२२ शिलिंग दिले, एका फ्रेंच दंतवैद्याच्या खात्यावर. हे दंतवैद्य म्हणजे ज्याँ पिएर ल मेयर. जिवंत माणसाचा दात काढून दुसऱ्याच्या हिरडीत लगेच रोवण्यासाठी ते प्रसिद्ध होते.

हो, तेव्हा दातांचं प्रत्यारोपण व्हायचं. लंडनमध्ये जॉन हंटर या शल्यचिकित्सकाने त्याचे प्रयोग केले होते, आणि श्रीमंतांमध्ये त्याची फॅशनच आली होती. गरीब माणूस पैशासाठी दात विकायचा आणि श्रीमंताच्या तोंडात तो तारेने किंवा दोऱ्याने बांधून ठेवायचे. काही दात थोडी वर्षं टिकत, पण बहुतेक पडत. कारण आज आपल्याला ठाऊक आहे. दुसऱ्याच्या शरीराचा भाग आपलं शरीर परका म्हणून ओळखतं आणि त्याचं मूळ हळूहळू खाऊन टाकतं. वर जंतुसंसर्ग वेगळा, एकाचा रोग दुसऱ्याला जाण्याची भीती वेगळी.

ते नऊ दात प्रत्यारोपणासाठी घेतले की कवळीत बसवण्यासाठी, हे त्या नोंदीवरून ठरत नाही. पण ते कुणाचे होते त्याचा अंदाज येतो. माउंट व्हर्ननवर शेकडो गुलाम राबत होते, वॉशिंग्टन यांच्या मृत्यूच्या वर्षी त्यांची संख्या ३१७ होती. पैसे दिले म्हणून तो व्यवहार झाला असं वाटू शकतं. पण मालकाच्या घरून मागणी आल्यावर गुलाम माणूस नाही म्हणू शकत होता का, हा प्रश्न उरतोच. शिवाय हेच दंतवैद्य जाहिरातीत एका समोरच्या दाताला दोन गिनी, म्हणजे ४२ शिलिंग देऊ करत. इथे दाताला सरासरी साडेतेरा शिलिंग पडले, तिसऱ्या हिश्शाहूनही कमी.

एका माणसाचं चावणं, बोलणं, हसणं चालावं म्हणून नऊ निरोगी दात दुसऱ्यांच्या तोंडातून गेले. त्या माणसांची नावं वहीत नाहीत.

राष्ट्राध्यक्ष आणि उरलेला एक दात

३० एप्रिल १७८९ रोजी न्यूयॉर्कला वॉशिंग्टन यांनी राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेतली. तेव्हा त्यांच्या तोंडात स्वतःचा एकच दात होता, खालच्या डाव्या बाजूचा, सुळ्यामागचा.

त्यांचे दंतवैद्य होते जॉन ग्रीनवुड, स्वातंत्र्ययुद्धात लढलेले. ग्रीनवुड यांनी पाणघोड्याच्या दातातून कोरून कवळी बनवली, तिच्यात माणसांचे दात बसवले आणि त्या उरलेल्या एका दातासाठी एक भोक ठेवलं. त्या दातावर सगळी कवळी अडकवायची. साहजिकच सगळा भार त्याच्यावर आला आणि १७९६ साली तोही काढावा लागला. ग्रीनवुड यांनी तो एका छोट्या डबीत घालून घड्याळाच्या साखळीला लावला होता.

मग आपण ऐकलेले ते लाकडाचे दात? ती दंतकथा आहे, अगदी शब्दशः. वॉशिंग्टन यांच्या कुठल्याच कवळीत लाकूड नव्हतं. हस्तिदंत आणि तत्सम पदार्थांवर डाग पडतात, बारीक तडे जातात आणि ते लाकडाच्या रेषांसारखे दिसतात. त्यातून हा समज झाला असावा. माउंट व्हर्ननच्या संग्रहालयात त्यांची एक पूर्ण कवळी आहे. तिच्यात शिसं आहे, जनावरांचे दात आहेत आणि माणसांचेही.

आता इंजिनिअर म्हणून मला सगळ्यात जास्त खिळवून ठेवणारी गोष्ट. वरची कवळी खाली पडू नये यासाठी तेव्हा काय करत? वर आणि खाली दोन कवळ्या, मध्ये दोन्ही बाजूंना स्प्रिंग. स्प्रिंग वरच्या कवळीला टाळ्याकडे ढकलते, खालचीला हिरडीकडे दाबते. म्हणजे तोंड आपोआप उघडू पाहतं! ते मिटून ठेवायला जबड्याचे स्नायू सतत आवळून धरावे लागतात. जेवताना, बोलताना, चित्रकारासमोर बसताना, सतत. गिल्बर्ट स्टुअर्ट या चित्रकाराने १७९६ साली काढलेलं त्यांचं चित्र एक डॉलरच्या नोटेवर आलं. ते फुगीर ओठ आणि आवळलेला जबडा आता तुम्हाला वेगळा दिसेल.

त्यांच्या पत्रांमध्येही हीच तक्रार येते. कवळीच्या पट्ट्या ओठ बाहेर ढकलतात, चेहरा सुजल्यासारखा दिसतो, तेवढं दुरुस्त करा. एकदा कवळी काळी पडली म्हणून पाठवली, तर ग्रीनवुड यांनी उत्तरात पोर्ट वाइनला दोष दिला आणि जेवणानंतर कवळी काढून स्वच्छ पाण्यात ठेवायचा सल्ला दिला. आमच्याकडच्या पाण्याच्या वाटीची परंपरा बरीच जुनी आहे म्हणायची.

सकाळच्या न्याहारीला ते मक्याच्या पिठाचे घावन खायचे, लोणी आणि मधात भिजवलेले. आवड होतीच, पण चावायचं काम नसणं हाही फायदा. १७९३ मधलं दुसऱ्या शपथविधीचं त्यांचं भाषण फक्त १३५ शब्दांचं आहे, आजवरचं सर्वांत लहान. निवृत्तीचं प्रसिद्ध निवेदन तर त्यांनी भाषण म्हणून केलंच नाही, १७९६ च्या सप्टेंबरात वर्तमानपत्रात छापलं. याला दातच कारणीभूत होते असा पुरावा नाही. पण बोलताना कवळी सुटेल की काय या धाकात जगणारा माणूस मी घरात पाहिला आहे. कवळी घातली की बाबांचंही बोलणं कमी व्हायचं.

१४ डिसेंबर १७९९ रोजी घशाच्या आजाराने वॉशिंग्टन गेले. त्या एका दिवसात डॉक्टरांनी त्यांच्या अंगातलं बरंचसं रक्त काढलं होतं, तीच तेव्हाची उपचारपद्धत. स्वतःच्या मालकीच्या गुलामांना मुक्त करावं असं त्यांनी मृत्युपत्रात लिहून ठेवलं होतं आणि १८०१ च्या सुरुवातीला ते मुक्त झाले. एका माणसाच्या आयुष्यात या दोन्ही गोष्टी आहेत, हिशेबवहीतली ती ओळही आणि हे मृत्युपत्रही.

कवळी सैल का होते?

तज्ज्ञ दंतवैद्य, हवा तेवढा पैसा, तरी त्यांची कवळी कधीच नीट का बसली नाही? कारण ती ज्यावर बसते ते हाडच बदलत राहतं.

दाताचं मूळ जबड्याच्या हाडात असतं. आपण चावतो तेव्हा प्रत्येक घासाचा दाब मुळातून हाडापर्यंत जातो आणि आपली गरज आहे हे हाडाला कळतं. दात गेला की हा निरोप थांबतो. शरीर काटकसरी आहे, वापरात नसलेलं हाड ते विरघळवून टाकतं. पहिल्या वर्षात हे सगळ्यात वेगाने होतं, पण नंतरही चालूच राहतं. म्हणून आज घट्ट बसलेली कवळी काही वर्षांनी हलते आणि गाल आत जातात. कवळी हिरडीवर वरून दाब देते, हाडाला आतून निरोप देत नाही. उलट त्या दाबाने हाडाची झीज वाढू शकते.

थोडक्यात, प्रश्न वरच्या दाताचा नव्हताच, मुळाचा होता. ल मेयर दुसऱ्याच्या दाताचं मूळ रोवू पाहत होते. दिशा बरोबर होती, पण वस्तू चुकीची. आणि त्या वस्तूची किंमत भलत्याच माणसांनी मोजली.

काळी वाळू

१७९१ साली, वॉशिंग्टन राष्ट्राध्यक्ष असताना, इंग्लंडच्या कॉर्नवॉल भागात विल्यम ग्रेगर नावाच्या एका पाद्र्याला काळ्या वाळूत एक नवं मूलद्रव्य सापडलं. पुढे त्याला टायटॅनियम नाव मिळालं. ते ज्या खनिजात सापडलं ते म्हणजे इल्मेनाइट, लोखंड आणि टायटॅनियमचं ऑक्साइड. रत्नागिरीकरांना हे सांगायला मला विशेष आनंद होतोय, कारण आपल्या किनाऱ्यावर, काळबादेवी आणि मिऱ्याच्या बाजूला, वाळूत जी काळी चमक दिसते तिच्यात हेच इल्मेनाइट आहे. लहानपणी लोहचुंबक फिरवून आपण जे काळे कण गोळा करायचो, ते याच वाळूतले.

टायटॅनियम आणि हाड यांचं नातं कळायला मात्र १९५२ साल उजाडलं. स्वीडनमध्ये पेर-इंग्वार ब्रोनेमार्क हे संशोधक सशाच्या हाडातला रक्तप्रवाह पाहत होते. त्यासाठी त्यांनी टायटॅनियमची छोटी नळी हाडात बसवली होती. प्रयोग संपल्यावर ती काढायला गेले, तर निघेना. हाड तिला घट्ट चिकटून वाढलं होतं. हवा लागताच टायटॅनियमवर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर तयार होतो आणि हाडाच्या पेशी त्या थराला परकं मानत नाहीत. १९६५ साली ब्रोनेमार्क यांनी योस्टा लार्सन या रुग्णाच्या जबड्यात टायटॅनियमचे स्क्रू बसवले. ते लार्सन यांना शेवटपर्यंत, म्हणजे चाळीस वर्षांहून जास्त काळ पुरले.

खुर्चीत बसल्यावर काय होतं?

बाबांचं कसं झालं ते क्रमाने सांगतो. तुमच्या घरी कुणाचं करायचं असेल तर उपयोग होईल.

आधी चौकशी आणि तपासण्या. साखर किती, तंबाखू किंवा मिश्री लावता का, हे पहिले प्रश्न. दोन्हींमुळे हाड भरून यायला अडथळा येतो. इथे खोटं बोलू नका, नुकसान आपलंच. मग जबड्याचा थ्रीडी स्कॅन, हाड किती उंच-रुंद उरलंय आणि खालची नस कुठून जाते ते पाहायला. तीन वर्षं थांबल्यामुळे बाबांचं हाड एका जागी अरुंद झालं होतं, तिथे हाडाची पावडर भरावी लागली. दाढ काढल्यावर लगेच विचारलं असतं तर कदाचित एवढं लागलं नसतं. ही चूक आमची.

बसवताना फक्त जागेवर भूल देतात. बाबांना दुखलं नाही, पण ड्रिलची थरथर आणि आवाज डोक्याच्या आतून आल्यासारखा वाटला. ते खरंच आहे, कारण आवाज हाडातूनच कानापर्यंत जातो. ड्रिल हळू फिरवतात आणि सतत गार पाणी सोडतात. हाड फार तापलं तर त्याच्या पेशी मरतात आणि स्क्रू चिकटत नाही. दोन-तीन दिवस सूज, बर्फाचा शेक, पेज आणि मऊभात. मग टाके निघाले.

यानंतरचा भाग कंटाळवाणा, पण सगळ्यात महत्त्वाचा, वाट पाहणं. हाड स्क्रूभोवती वाढायला साधारण तीन ते सहा महिने लागतात. या काळात वरून काहीच दिसत नाही. बाबा रोज विचारायचे, पैसे दिलेत ते नक्की कशाचे? खर्चही कमी नाही, एका दाताला साध्या लॅपटॉपएवढा.

शेवटी कॅप बसवली. तिचा स्क्रू टॉर्क रेंचने आवळतात, साधारण ३५ न्यूटन-सेंटीमीटर. म्हणजे एक सेंटीमीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला साडेतीन किलो वजन टांगल्याएवढा जोर. मोटारीच्या चाकाच्या नटांना जो हिशेब, तोच इथे.

एक फरक मात्र राहतो. खऱ्या दाताभोवती तंतूंची नाजूक गादी असते, ती दाब ओळखते. इम्प्लांट थेट हाडाला जोडलेलं, तिथे गादी नाही. म्हणून सुरुवातीला चावताना टणक, थोडं बधिर वाटतं आणि किती जोराने चावतोय याचा अंदाज यायला वेळ लागतो. इम्प्लांटला कीड लागत नाही, पण त्याच्याभोवतीची हिरडी आणि हाड बिघडू शकतं. त्यामुळे ब्रश, फटीतली सफाई आणि ठरावीक तपासणी सुटत नाही. आणि इम्प्लांट प्रत्येकाला चालेलच असंही नाही, कुणाला चांगली कवळी किंवा ब्रिजच योग्य ठरतो. ते तुमच्या दंतवैद्याने तपासून ठरवायचं.

गेल्या आठवड्यात शेजारी लग्न होतं. बाबा पंगतीला बसले आणि उजव्या बाजूने जेवले. घरी आल्यावर त्यांना मी वॉशिंग्टन यांची सगळी गोष्ट सांगितली. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो स्प्रिंगबद्दल नाही, दात गेलेल्या त्या माणसांबद्दल. त्यांचं पुढे जेवणाचं काय झालं असेल? माझ्याकडे उत्तर नव्हतं.